काकाची टोपी आणि शेजारचं पिठलं

परवा व्हिडिओवर काकाला बघून तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "काका, तुला केस आले!" काका लाजला, आजोबा मागून काहीतरी कुजकट बोलले आणि फोन तुमच्या बाबांच्या हातात गेला. ते केस कसे आले हे बाबांनी तुम्हाला दोन वाक्यांत सांगितलं असणार: ठाण्याला ऑपरेशन झालं, आता छान आहे. त्या दोन वाक्यांच्या मध्ये माझे जे हाल झाले ते बाबांना अर्धवटच माहीत आहेत, आणि जेवढे माहीत आहेत तेवढ्यावर ते हसतात. म्हणून मीच लिहून ठेवते. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं. पण ही हकिकत इंग्रजीत सांगायला बसले तर निम्मा वेळ खुलासे करण्यातच जाईल. अडेल तिथे बाबांना विचारा.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. आजोबा दर हिवाळ्यात आठवडाभर खडवलीला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे राहायला जातात. खडवली म्हणजे आपल्या डोंबिवलीहून कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या लाइनवरचं छोटं स्टेशन. आत्याआजींचं घर स्टेशनपासून आणखी आत, शेताच्या कडेला आहे. तिथे फोनला रेंज मिळते ती अंगणाच्या एका कोपऱ्यात, आणि आजोबा बॅटरी वाचवायची म्हणून फोन बंदच ठेवतात. "लागलं तर मीच करीन," हे त्यांचं नेहमीचं. आदल्या वर्षीच त्यांच्या हृदयात स्टेंट घातला होता, त्यामुळे त्यांचं हे असं जाणं माझ्या जिवाला घोर लावायचं. पण बहिणीचं बोलावणं आलं की ते माझं ऐकत नाहीत.

मलाही त्याच वर्षी रक्तदाब वाढून चक्कर आली आणि मी बाथरूमच्या दारात पडले. तेव्हापासून आमच्या घरात एक नवीनच रीत सुरू झाली. कुठलीही बातमी माझ्यापर्यंत येण्याआधी गाळून, मऊ करून येते. कोणाला ताप होता हे मला ताप उतरल्यावर कळतं. तुमच्या बाबांची नोकरी बदलली हे मला नवीन ऑफिसचा फोटो आल्यावर कळलं. हे सगळं प्रेमाने होतं, मला समजतं. पण त्यामुळे मी घरात प्रत्येकाचा चेहरा वाचायला लागले. कोण कोणाकडे बघून गप्प झालं, कोणी फोन उचलून गॅलरीत नेला, सगळं माझ्या नजरेत भरतं.

आजोबा खडवलीला गेले आणि लगेच तुमच्या काकाचं ठाण्याला 'ऑफिसचं ट्रेनिंग' निघालं. रात्री मित्राकडे राहीन म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला तो डोक्यावर मोठी ढगळ राखाडी टोपी आणि मानेभोवती विमानात घालतात तसली उशी घेऊन.

"हे काय रे?"

"काही नाही गं आई. डोक्यात इन्फेक्शन झालेलं. डॉक्टर बोलले केस काढून टाका. काढले."

"ट्रेनिंगमध्ये?"

"ट्रेनिंग संपल्यावर गेलेलो. अगं, आपल्या एमआयडीसीची हवा आहे ही. कोणालाही होतं."

"बघू दाखव."

"नको नको, हात लावायचा नाहीये. टोपी पण नाही काढायची."

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. दाढीही नव्हती आणि मिशीही नव्हती. तुमच्या काकाचे केस पंचविशीपासून मागे हटायला लागले, आणि जसजसे ते मागे गेले तसतशी त्याने दाढी-मिशी वाढवली. ती तो कोणाला कापू देईल हे शक्यच नव्हतं.

"आणि मिशीला पण इन्फेक्शन?"

"एकसारखं दिसावं म्हणून काढली," असं म्हणून तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

इथे तुम्हाला सांगायला हवं. आपल्याकडे घरात वडील माणूस गेलं की मुलगा डोक्यावरचे केस आणि मिशी काढतो. वडील हयात असताना मिशी काढायची नाही असंही पूर्वी मानत. आता हे सगळे पाळत नाहीत, मीही काकाला कधी सांगितलं नव्हतं. पण जे लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं असतं ते डोक्यातून जात नाही.

शिवाय माझं स्वतःचं एक कारण होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा ठाण्याला मावशीकडे राहून देत होते. मधल्या सुट्टीच्या दिवशी माझा भाऊ भेटायला आला. डोक्यावर टोपी. तो कधीच टोपी घालायचा नाही. टोपीखाली केस नव्हते. मी विचारलं तर म्हणाला, "उवा झाल्या होत्या." मावशीने त्याला आत बोलावलं, तो आला नाही, बाहेर पायरीवरच बसला, चहाही घेतला नाही. अभ्यास कर म्हणाला आणि गेला. मावशी त्या दिवसांत मला रोज माझ्या आवडीचं करून वाढत होती. शेवटचा पेपर झाला आणि मग मला घरी नेलं. मी निबंधाचे मुद्दे पाठ करत होते तेव्हा तिकडे माझ्या वडिलांचा दहावा होऊन गेला होता. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं, त्यामुळे त्यावर कोणाशी भांडताही आलं नाही. पण तेव्हापासून केस काढून टोपी घातलेला घरचा माणूस दारात उभा दिसला की मी आधी मनात घरची माणसं मोजायला लागते.

तर काका खोलीत गेला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा विसळत उभी राहिले. मनाला म्हटलं, वेडी आहेस, इन्फेक्शन असेल. आणि त्याच क्षणापासून मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागले.

तो आडवा झोपेना. तीन उश्या रचून, मान त्या विमानातल्या उशीत अडकवून, अर्धवट बसल्यासारखा झोपायचा. थोड्या थोड्या वेळाने दाराआडून फुस्स फुस्स असा आवाज यायचा, बाटलीतून काहीतरी फवारल्यासारखा. डोक्यावरून आंघोळ करेना. बाहेर जाईना. मी खोबरेल तेल कोमट करून नेलं, म्हटलं इन्फेक्शनला बरं, तर असा ओरडला की वाटी माझ्या हातातून पडता पडता राहिली. आणि सकाळी आजोबा नसले की देवपूजा काका करतो, ती त्याने केली नाही. "आई, तू कर ना. मला वाकायचं नाहीये."

"डोक्याच्या इन्फेक्शनचा आणि वाकण्याचा काय संबंध?"

"चक्कर येते."

सुतकात, म्हणजे घरात कोणी गेल्यावरच्या दिवसांत, घरची माणसं पूजा करत नाहीत. डोक्याला तेल लावत नाहीत. कोणाकडे जात नाहीत. मी काही अंधश्रद्धाळू बाई नाही. पण एकेक गोष्ट अशी जुळत गेली की मला शांत बसवेना.

मग त्याचा चेहरा सुजला. सकाळी चहाला आला तर कपाळ फुगलेलं आणि डोळे इतके सुजलेले की फटीच राहिलेल्या. रडून रडून माणसाचे डोळे होतात तसे. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "गोळ्यांनी होतं. उतरेल." आणि माझ्याकडे न बघता कप घेऊन आत गेला. त्याची गोळ्यांची पाकिटं मी तो आंघोळीला गेल्यावर बघितली. एक अँटिबायोटिक, एक दुखण्यावरची, एक स्टिरॉइड. त्यावरून काहीच ठरवता येत नव्हतं.

आजोबांना फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. त्यात नवीन काही नव्हतं, पण मला आता नवीन वाटायला लागलं होतं. काकाला विचारलं.

"अगं, मी बोललो ना काल त्यांच्याशी. मजेत आहेत. अजून चार-पाच दिवस राहणार बोलले."

"राहणार? ते?"

"हवा चांगली आहे बोलले."

तुमचे आजोबा बहिणीकडे आठवड्याच्या वर एक दिवस राहिलेले मला आठवत नाहीत. तिथला चहा त्यांना पाणचट लागतो. आणि हवा चांगली हे वाक्य त्यांच्या तोंडून या जन्मात निघालेलं नाही.

"मग मला का नाही दिलास फोन?"

"तू झोपलेलीस."

मी दुपारी झोपत नाही हे त्याला माहीत आहे. त्याच संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. नेहमी ते आधी हवा विचारतात, मग तुमच्या शाळेचं सांगतात. त्या दिवशी पहिला प्रश्न, "आई, तू बरी आहेस ना? गोळ्या वेळेवर घेतेस ना?" आणि मग, "तो बरा आहे ना?"

"कोण तो?"

"तो... आपला." मग आवाज एकदम मोठा करून, "चल, मुलं उठली." म्हणजे तुमचंच नाव पुढे करून त्यांनी फोन ठेवला. माझी खात्री झाली की दोघा भावांना काहीतरी माहीत आहे आणि मला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला तेव्हा मी बाथरूममध्ये होते. काकाने दार उघडलं, आणि टोपी डोक्यावर नसताना उघडलं. समोरच्या दारात आमच्या शेजारीणबाई उभ्या होत्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, इथे आमच्याएवढ्याच जुन्या, माझ्याच वयाच्या. हे मला नंतर कळलं. मी बाहेर आले तेव्हा एवढंच दिसलं की दूध आत ठेवून काका घाईघाईने खोलीत पळाला.

साडेअकराच्या सुमाराला दार हळूच लोटलं गेलं. या बाई एरवी बेल वाजवून, बाहेरूनच हाक मारून येतात. त्या दिवशी आवाज न करता आल्या. साधं सुती पातळ, कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा लहान, आणि हातात झाकण घातलेलं पातेलं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं, गॅसकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, आज तुम्ही काही करत बसू नका. दोन घास खाऊन घ्या."

मी झाकण उचललं. पिठलं-भात होता.

तुम्हाला पिठलं आवडतं, गेल्या वेळी आलात तेव्हा तुम्ही वाटी चाटून पुसली होती. पण शेजारून असं न सांगता पिठलं-भात येतो तो एकाच दिवशी. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी स्वयंपाक होत नाही, म्हणून शेजारी आणून देतात. दुसऱ्या कुठल्याही दिवशी कोणी ही जोडी करून दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवणार नाही. मी स्वतः कितीतरी घरांत नेऊन ठेवली आहे.

मी ओटा धरला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं हो. मुलाला बघितलं सकाळी." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "भाऊसाहेब इतके धट्टेकट्टे होते. कधी झालं? तिकडेच झालं का, बहिणीकडे?"

माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी एकदम पदर तोंडाला लावला. "अगं बाई! तुम्हाला सांगितलं नाहीये का अजून?" आणि त्या जवळजवळ धावतच निघून गेल्या. पातेलं ओट्यावर, दार उघडं.

मी काकाच्या खोलीचं दार ठोठावलं नाही, ढकललं. तो आरशासमोर खुर्चीत बसून डोक्यावर बाटलीतून पाणी फवारत होता. मी त्याचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या भागात लाल-तपकिरी ठिपकेच ठिपके, दाटीवाटीने, खपल्या धरलेले. मागच्या बाजूलाही बारीक खुणा. त्याने दचकून टोपी शोधली.

"राहू दे टोपी. काय आहे हे?"

"आई, प्लीज चिडू नको. केस लावून घेतलेत. मागचे काढून पुढे लावतात. थोडे हनुवटीखालून पण घेतलेत, म्हणून दाढी काढली, आणि एकटी मिशी विचित्र दिसत होती. ठाण्याला एक क्लिनिक आहे. ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. हे मुळं धरेपर्यंत जपावं लागतं. वाकायचं नाही, घाम नाही, ऊन नाही, धक्का नाही. एक जरी निसटला तर तो गेला. दादाला माहितीये फक्त."

"आणि बाबा?"

"बाबांना नाही सांगितलं."

"मी विचारते, बाबा कुठे आहेत?"

"खडवलीला. कुठे असणार?"

"फोन लाव."

त्याने लावला. बंद. आत्याआजींच्या मुलाला लावला, तो उचलेना. काका म्हणाला शेतात असेल. मी म्हटलं, "तू मला ट्रेनिंग सांगितलंस, मग इन्फेक्शन सांगितलंस, मग चक्कर सांगितलीस. दर वेळी माझ्या तोंडाकडे बघून सांगितलंस. केसांचं खरं असेल, मला दिसतंय. पण त्याच्या आड दुसरं काही नाही हे मी कशावरून मानू?"

"अगं दुसरं काय असणार?"

"शेजारून पिठलं-भात आलाय," मी म्हटलं.

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याचा सुजलेला चेहरा हसतोय की रडतोय कळू नये असा झाला, मला आधी आशा वाटली आणि मग आणखीच भीती. "आई, बाबांची शपथ..." तो म्हणाला, आणि मी म्हटलं, "त्यांची शपथ घालू नको. मला खडवलीला ने."

"आई, धूळ आहे, ऊन आहे, मला बाहेर पडायचं नाहीये. एकदा गेले की ते परत नाही येत गं."

"मग मी रिक्षा करते."

मी चपला घातल्या आणि लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले. दोन मिनिटांत तो टोपी घालून, किल्ली घेऊन आला.

गाडीत बसताना तो असा बसला की जणू डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर आहे. आधी गुडघे, मग पाठ, मग मान सरळ ठेवून सावकाश डोकं आत. काचा बंद, एसी मोठा. दर खड्ड्याला तो एक हात टोपीच्या वर, न टेकवता, धरायचा. कल्याण ओलांडलं, आंबिवलीजवळ रस्ता उकरलेला होता, तिथे गाडी इतकी हळू नेली की मागचे रिक्षावाले शिव्या द्यायला लागले. मी त्याच्या हाताकडे बघत होते आणि मनात हिशेब चालू होता: याला माहीत असतं तर याने मला तिथे नेलं असतं का? की म्हणूनच नेतोय, तिथे सगळे जमलेत म्हणून? टिटवाळ्याला गणपतीच्या कमानीपाशी माझे हात आपोआप जोडले गेले, आणि तेही मी त्याला दिसू नयेत असे पदराखाली जोडले.

आत्याआजींच्या अंगणाबाहेर चपला किती आहेत हे मी आधी बघितलं. दोनच जोड होते. एक आजोबांचा.

आजोबा अंगणात बाजेवर बसले होते, समोर सुपात ओल्या वालाच्या शेंगा, शेजारी त्यांची बहीण. दोघं सोलत होते आणि कशावरून तरी भांडत होते. गाडीच्या दाराचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. त्यांना काय दिसलं असेल ते आता लिहिताना मला कळतं: न कळवता भर दुपारी आलेली बायको, चेहरा उतरलेला, मागून मुलगा, मिशी नाही, डोळे सुजलेले, टोपीखाली केस नाहीत. ते उठले. सूप उपडं झालं, वाल सगळीकडे.

"कोण गेलं?" ते म्हणाले.

"तुम्ही," मी म्हटलं, आणि तिथेच पायरीवर बसले.

वन्संनी, म्हणजे तुमच्या आत्याआजींनी, तोवर दोन्ही हात डोक्याला लावून सुरुवात केली होती, "अरे देवा, कोण रे माझं..." काका मध्येच ओरडला, "कोणी नाही गेलं! आत्या, रडू नको! मी केस लावून घेतलेत!"

वन्संनी डोक्यावरचे हात खाली घेतले. आजोबा काकाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "ही का रडते मग?"

काकाने सगळं सांगितलं, ठाणं, इन्फेक्शन, पिठलं. आजोबा ऐकत होते आणि त्यांचा श्वास जागेवर येत होता, तो आला तशी त्यांची जीभही आली. "म्हणून रोज भाच्याच्या फोनवर फोन करून मला सांगत होतास होय रे, बाबा राहा अजून, हवा चांगली आहे! मी समजलो पोराला बापाची काळजी. इथला हा पाणचट चहा पितोय मी हवेसाठी!"

"माझा चहा पाणचट?" वन्सं म्हणाल्या.

"आणि केस कशाला लावायचे? टक्कल काय चोरून आणलंय का कोणाचं? आपल्या घराण्याची इस्टेट आहे ती." असं म्हणत ते पुढे झाले आणि काकाच्या डोक्यावर टप्पल मारायला हात उचलला. मी आणि काका एकदम किंचाळलो, "हात लावू नका!" हात तसाच वर राहिला.

काका मग जे बोलला ते तो मोठ्याने बोलला नाही. "तुम्हाला टक्कल पन्नाशीला पडलं बाबा. मला पंचविशीला. दर लग्नात तुम्ही माझी ओळख करून देता, हा माझा मोठा भाऊ. सगळे हसतात. मी पण हसतो. तुम्ही घरी असताना हे करून आलो असतो तर उद्या त्याचाही जोक झाला असता. म्हणून तुम्ही नसताना केलं."

आजोबांचा हात खाली आला. ते खाली बसले आणि विखुरलेले वाल एकेक उचलून सुपात टाकायला लागले. उचलता उचलता म्हणाले, "मला वाटायचं तुला मजा वाटते." मग खिशातून फोन काढला, चालू केला, आणि रेंजच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. माझे मिस्ड कॉल एकामागून एक येऊन पडल्याचा आवाज येत राहिला.

आम्ही तिघं बरोबरच परत आलो. गाडीत मागे आजोबा, काकाच्या मागेच, आणि सगळा रस्ता "खड्डा, खड्डा, डावीकडून घे" असं चाललं होतं.

घरी पिठलं थंड होऊन घट्ट झालं होतं. ते आम्ही खाल्लं नाही, आणि टाकवेनाही. शेवटी वॉचमनच्या घरी पोचवलं. प्रश्न पातेल्याचा होता. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, आणि या भांड्यात काय घालून द्यायचं? मी केशर-बदाम घालून शिरा केला, आणि तो घेऊन आजोबांनाच पाठवलं. बेल वाजली, दार उघडलं, मग आतून जी किंचाळी ऐकू आली ती चार मजल्यांनी ऐकली. बाई त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यासमोर यायला लाजत होत्या. मी त्यांना म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही जे बघितलं तेच मी चार दिवस बघत होते.

त्यानंतर काकाची देखभाल उघडपणे सुरू झाली. फवाऱ्याची बाटली आजोबांनी ताब्यात घेतली. ठरल्या वेळी ते ती घेऊन त्याच्या मागे उभे राहायचे आणि कुंडीतल्या रोपाला घालावं तसं सावकाश फवारायचे. टक्कल हा विषय त्यांनी काढला नाही. मला त्यांचं हे गप्प राहणंही सुरुवातीला संशयास्पद वाटलं, पण ते खरंच होतं. खपल्या काढायची वेळ आली तेव्हा डोकं धुवायचं काम मी केलं. शाम्पूचा फेस हातावर करून नुसता टेकवायचा, चोळायचं नाही, मग मगने वरून पाणी सोडायचं, धार नाही. तुमच्या काकाला मी शेवटचं न्हाऊ घातलं होतं तेव्हा तो पहिलीत होता. खपल्या भिजून एकेक सुटायला लागल्या तेव्हा तो डोळे मिटून बसला होता आणि विचारत होता, "आई, खपलीबरोबर केस नाही ना आला?" मी प्रत्येक खपली उजेडात धरून बघत होते.

आणि पुढे काही आठवड्यांनी ते केस गळायलाच लागले. उशीवर, टॉवेलवर, टोपीच्या आत. काका म्हणाला, असंच होतं, वरचे गळतात, मुळं आत राहतात, काही महिन्यांनी नवीन येतात. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः ठाण्याला जाऊन त्या क्लिनिकच्या डॉक्टरांसमोर बसले, आणि तेच प्रश्न इंग्रजीत विचारले. त्यांनीही तेच सांगितलं. मग डोंबिवलीतल्या आपल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही. तिघांनी तेच सांगितलं तरी मी विश्वास ठेवला तो पावसाळ्यात, जेव्हा काका चहाला येऊन बसला आणि कपाळाच्या वर, ऊन पडलं की दिसेल इतपत, एक काळी छटा दिसली.

त्या संध्याकाळी मी काकाला आणि फोनवर तुमच्या बाबांना एकदमच सांगितलं. मला चक्कर येईल म्हणून काही लपवायचं असेल तर लपवू नका. चक्कर खुर्चीत बसून येऊ दे. पण मला माझ्या घरातली बातमी शेजाऱ्यांच्या पातेल्यातून कळायला नको. तुमचे बाबा हो म्हणाले. ते लगेच हो म्हणाले, म्हणून माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास नाही.

म्हणून तुम्हाला वेगळं सांगते. तिकडे थंडी असते, तुम्ही लोकरीच्या टोप्या घालून व्हिडिओवर येता. तुम्हाला ते साधं वाटतं. इथून फोन उचलला आणि चौघांच्याही डोक्यावर टोप्या दिसल्या की मी आधी तुमच्या बाबांच्या ओठांवर बघते, मिशी आहे की नाही. तर आधी टोप्या काढायच्या, चौघांनी, मग बोलायचं.